मरम्मत आणि तरमीम

अरबीत र-म-म असा एक धातू आहे. जीर्ण होणे आणि जीर्ण झालेले पुन्हा नीट करणे, हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. सूरह यासीनमध्ये जीर्ण हाडांसाठी ‘रमीम’ हा शब्द येतो, तो याच कुळातला. आपल्या रोजच्या बोलण्यातली ‘मरम्मत’ आणि कायद्याच्या भाषेतली ‘तरमीम’ या दोघी सख्ख्या बहिणी. उर्दूत आल्यावर मात्र त्यांची घरे वेगळी झाली. मरम्मत म्हणजे वस्तू जशी होती तशी करणे. तरमीम म्हणजे तिच्यात फेरफार करणे, कलम बदलणे, नवे घालणे. अरबी देशांत आजही जुन्या मशिदीचे किंवा किल्ल्याचे जतन करण्याच्या कामाला तरमीम म्हणतात. तिथे अजून या दोन बहिणी एकाच घरात नांदतात.

हे शब्द आठवायला कारण झाले खेड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांचे अब्बा कुवेतला नोकरीला होते. १९८० च्या आसपास तिथल्या एका दुकानातून त्यांनी यामाहा कंपनीचा मोठा हेडफोन घेतला. सुट्टीवर आले की रात्री घर झोपल्यावर ते कॅसेटवर किरात ऐकत, कधी कव्वाली. गेल्या वर्षी ते अल्लाहला प्यारे झाले. हेडफोन आता एकाच कानाने वाजतो आणि कानाच्या गाद्यांतून काळा चुरा पडतो. थोरले भाऊ म्हणतात, इंटरनेटवर अशा वस्तूंना चांगली किंमत येते, आहे तसा विकून टाकू. धाकटा इंजिनिअरिंगला आहे. त्याला वाटीला भोके पाडायची आहेत, नवी वायर घालायची आहे, आतले सगळे बदलायचे आहे. आवाज दुप्पट चांगला होईल, असे त्याचे म्हणणे. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, “आपा, दोघांत बरोबर कोण?”

आधी हक्काचे बोलू

पत्र मी दोनदा वाचले. थोरल्याचे मत त्यात आहे, धाकट्याचे आहे. ‘मला आणि अम्मीला विचारले’ असे वाक्य मात्र कुठे सापडले नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या मागे राहिलेली प्रत्येक वस्तू तरका असते. आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज, मग मर्यादेत केलेली वसीयत, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. मुले असताना पत्नीचा आठवा हिस्सा आणि मुलगे-मुलींचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत. त्यात ‘शेत आणि घर तेवढे धरावे, घड्याळ आणि हेडफोन सोडून द्यावा’ असा अपवाद नाही. आपल्याकडे मोठ्या वाटणीत बहिणीचे नाव निदान सातबाऱ्याच्या भीतीने निघते. कपाटातल्या लहान वस्तू मात्र ज्याच्या हाताला लागतील त्याच्या होतात. म्हणून हेडफोन विकायचा असो की उघडायचा, आधी अम्मी, बहिणी, भाऊ सगळ्यांना विचारा. बहिणीने राजीखुशीने आपला हिस्सा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण सोडण्यासाठी आधी तो तिच्या हातात यावा लागतो. न विचारता घेतलेल्याला ‘दिले’ म्हणत नाहीत.

ही रजामंदी झाली, की पुढचा प्रश्न कारागिरीचा. तो मोठा रंजक आहे.

या वस्तूला किंमत का?

कानाला लावून ऐकण्याचे यंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने तारायंत्राच्या कामासाठी घेतले. जर्मनीत बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी अमेरिकेत घरी बसून स्टिरिओ ऐकण्यासाठी हेडफोन आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा, मागून उघडा. तोपर्यंत हेडफोन म्हणजे कान गच्च झाकणारी वाटी, अशीच समजूत होती. उघड्या रचनेत आवाज डब्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, हे लोकांना त्या पिवळ्या स्पंजने दाखवले.

यामाहाने १९७६ मध्ये एचपी-१ बाजारात आणला. त्याचा आकार इटलीचे मारियो बेलिनी यांनी ठरवला. यामाहाचा तो प्रसिद्ध उतरता कॅसेट डेक, टीसी-८००, हाही त्यांच्याच हातचा. त्या काळात तेलाच्या पैशाने आखाती शहरांतली दुकाने जपानी आणि जर्मन मालाने भरलेली होती. कोकणातली माणसे तिथे राबत होती आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, कॅसेटा, घड्याळे घेऊन येत होती. त्यामुळे जगातले संग्राहक ज्या वस्तू शोधत फिरतात, त्यातली एखादी दापोली, खेड, श्रीवर्धनच्या घरात माळ्यावर निघाली तर नवल वाटू नये.

पोटात काय असते?

बहुतेक हेडफोनांत एक पातळ पडदा असतो. त्याला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते वेटोळे चुंबकाच्या खाचेत तरंगते. तारेतून आवाजाचा विद्युत प्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे हलते, पडदा हलतो, हवा हलते आणि कानाला आवाज येतो.

यामाहाच्या त्या जुन्या हेडफोनांची तऱ्हा वेगळी. त्यांत सपाट, पातळ पडदा असतो आणि त्याच्यावरच धातूची वळणदार पट्टी छापलेली असते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना भोके असलेली चुंबके. पडदा एका कडेने ढकलला न जाता जवळजवळ सगळ्या अंगाने एकदम हलतो. यामाहाने या रचनेला ‘ऑर्थोडायनॅमिक’ नाव दिले. फॉस्टेक्स या दुसऱ्या जपानी कंपनीने टी-५० या नावाने याच जातीचे हेडफोन काढले आणि तो वंश टी-५० आरपी म्हणून पुढे चालला. जगात ज्या हेडफोनांवर हौशी लोकांनी सर्वांत जास्त प्रयोग केले, त्यांत याचे नाव अगदी वर येईल.

आवाज फक्त पडदा ठरवत नाही. पडद्यामागची वाटी, वाटीतली छिद्रे, त्यावर चिकटवलेला नमद्याचा किंवा कागदाचा तुकडा, आतला स्पंज, कानाच्या गादीची जाडी आणि ती गालाला किती घट्ट बसते, हे सगळे मिळून आवाज घडवतात. हार्मोनियमची पेटी आणि भाता बदलून सूर तेच ठेवले तरी पेटी वेगळी वाजते, तसेच. म्हणूनच जुना हेडफोन सुधारता येतो, आणि म्हणूनच बिघडवताही येतो.

आधी मरम्मत

चाळीस वर्षांत चुंबक सहसा मरत नाही. पडदाही बरेचदा शाबूत असतो. मरतो तो स्पंज. पॉलियुरेथेनचा स्पंज हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत हे लवकर होते. भुगा पडद्यावर पडला की आवाजात घरघर येते आणि घरचे म्हणतात, “यंत्र गेले.” यंत्र जागेवर असते, त्याच्या तोंडावर कचरा बसलेला असतो.

मरम्मतीचा क्रम असा ठेवावा.

एक, आधी फोटो काढा. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तुकडा कुठे होता याची वही ठेवा. डावे-उजवे भाग वेगळ्या वाट्यांत. काढलेली जुनी वस्तू, कितीही मोडकी असो, फेकू नका. नवी गादी त्या मापाची हवी असते आणि जुन्या नमद्याची जाडी मोजूनच नवा कापावा लागतो.

दोन, सफाई. जुना स्पंज लाकडी किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने उचला. लोखंडी चिमटा चुंबक ओढून घेतो आणि पडद्यात भोक पाडायला तो एक झटका पुरतो. कामाच्या टेबलावर लोखंडाचा कीस असता कामा नये. वाटीतला भुगा मऊ कुंचल्याने बाहेरच्या दिशेने काढा. पडद्यावर हवेचा फवारा मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर जवळ नेऊ नका. कधी कधी सगळ्या घरघरीचे कारण पडद्याला टेकलेला डोक्याचा एक केस असतो. पिनवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पण ते पडद्याला किंवा चामड्याला लागू देऊ नये.

तीन, मुका कान. दहांतल्या बहुतेक वेळा दोष वायरचा असतो. वायर पिनजवळ किंवा वाटीत शिरते तिथे वाकून वाकून तुटते. काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घ्या आणि दोन्ही कानांचा रोध मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वेटोळी जिवंत आहेत. एका बाजूला आकडाच येत नसेल, तर वाटी उघडून थेट पडद्याच्या टोकांवर मोजा. तिथे आकडा आला तर दोष वायरचा. तिथेही आला नाही, तर आतले वेटोळे किंवा छापील पट्टी तुटलेली. तिथे आपला हात थांबवावा आणि जाणकाराकडे जावे.

चार, झाळकाम. जुन्या हेडफोनच्या तारांवर बरेचदा इनॅमलचा थर असतो. तो काढल्याशिवाय झाळ धरत नाही. तापलेले सोल्डर टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, प्लास्टिक वितळते आणि आतली केसाएवढी तार सुटते. आणि दोन्ही बाजूंना जोडणीची दिशा सारखी हवी. एका कानाची टोके उलटी जोडली तरी दोन्ही कान वाजतात, पण आवाज पोकळ होतो, खर्ज नाहीसा होतो. याची सोपी परीक्षा आहे. एखादे जुने मोनो रेकॉर्डिंग लावा, कारी अब्दुल बासित यांची तिलावत असो की जुनी नात. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो दोन्ही कानांकडे पसरून मधे रिकामे वाटले, तर एका बाजूची टोके उलटी आहेत.

पाच, गाद्या. मरम्मतीत सर्वांत जास्त फरक इथे पडतो. दबलेल्या गादीने कान पडद्याच्या जवळ जातो, कड नीट बसत नाही आणि त्या फटीतून खर्ज निघून जातो. आपल्या घरांत एक गोष्ट नेहमी घडते. बहिणी ओढणीवरून किंवा हिजाबवरून हेडफोन लावतात, भाऊ चष्म्याच्या जाड काडीवरून. दोन्हींत कड उघडी राहते. वर कापड पडद्यासमोर येऊन तीक्ष्ण स्वरही दबतात. मग आवाज ‘बारीक’ वाटतो आणि माणूस तो वाढवत नेतो. घरात असाल तर गादी थेट कानाभोवती बसू द्या, ओढणी वरून घ्या.

सहा, ‘आवाजच येत नाही’ म्हणून टाकून देण्याआधी एक पाहा. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचे जुने के-२४० रेडिओ स्टुडिओंसाठी बनलेले होते, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांचा रोध ६०० ओहम. सेनहायझरचा एचडी ६००, जो १९९७ मध्ये आला, ३०० ओहमचा. असे हेडफोन मोबाइलला जोडले की पुटपुटल्यासारखे वाजतात. ते बिघडलेले नसतात, मोबाइलची ताकद अपुरी पडते. लहानसा हेडफोन अॅम्प्लिफायर लावला की त्यांचा गळा मोकळा होतो. आणि जुनी जाड, ६.३५ मिलिमीटरची पिन मोबाइलला जोडायची तर लांब कडक अडॅप्टर नको, त्याच्या वजनाने मोबाइलचे भोकच सैल होते. आखूड तारेचा घ्यावा.

अनेकदा एवढ्यावर काम संपते. वायर, गाद्या आणि सफाई. ज्याला लोक ‘आवाज दुप्पट सुधारला’ म्हणतात, तो बहुधा चाळीस वर्षांपूर्वीचा मूळ आवाज परत आलेला असतो.

मग तरमीम

धाकट्या भावाचा उत्साह मला मोडायचा नाही. हाताने करून पाहणारी मुले वर्गात कमी होत चालली आहेत. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, की पैगंबर (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितले, ते आपल्या चपला स्वतः सांधत, आपले कपडे स्वतः शिवत. ज्यांच्या उंबऱ्यावर साऱ्या अरबस्तानचे लोक येत होते, ते फाटलेली वस्तू हातात घेऊन बसत. तेव्हा सोल्डर घेऊन बसलेल्या मुलाला ‘मेकॅनिक होणार का’ असे हिणवू नये.

पण तरमीमीला शिस्त हवी. पहिला नियम, परत फिरता येईल तेवढेच करा. फॉस्टेक्स टी-५० आरपीवर जगभर जे प्रयोग झाले, ते पाहण्यासारखे आहेत. वाटीच्या आत कापूस किंवा लोकर भरणे, म्हणजे आतला घुमारा कमी होतो. प्लास्टिकच्या भिंतींवर मुलांच्या खेळातल्या मातीचा थर देणे, म्हणजे भिंत थरथरत नाही. छिद्रांवर टेप लावून खर्ज कमीजास्त करणे. पडद्यामागच्या नमद्यावर आणखी एक तुकडा ठेवणे. जाड गाद्या लावणे. यातले जवळपास सगळे उलटे करता येते. कापूस काढता येतो, टेप सोलता येते. ड्रिलचे भोक मात्र बुजत नाही. साधा, आजही मिळणारा हेडफोन असेल तर भोक पाडून शिकावे. १९७६ च्या हेडफोनवर पहिले भोक पाडू नये.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल, आणि दोन्ही कानांना सारखा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही. कापूससुद्धा दोन्हीकडे तोलून सारख्या वजनाचा घालावा. प्रत्येक बदल वहीत लिहावा.

तिसरा नियम, तुलना सारख्या आवाजात करा. आपल्या कानाला जो आवाज किंचित मोठा तो चांगला वाटतो. दुकानदारांना हे चांगले माहीत असते. शिवाय नव्या आवाजाला कान दोन दिवसांत सरावतो आणि मग तोच ‘खरा’ वाटू लागतो. म्हणून निर्णय घाईने घेऊ नये, आणि शक्य असेल तर एक बदललेली, एक मूळ अशा दोन जोड्या शेजारी ठेवून ऐकावे.

चौथा नियम, पैसा शेवटी. हजारो रुपयांच्या चांदीच्या वायरी विकणारे भेटतील. धड आणि पुरेशी जाड तांब्याची वायर असेल तर दोन मीटरच्या अंतरात चांदीने कानाला जाणवेल असे काही घडत नाही. तेच पैसे चांगल्या गाद्यांवर घालावेत. आणि सर्वांत स्वस्त तरमीम तर मोबाइलमध्येच असते. इक्वलायझरने खर्ज थोडा वाढवा, तीक्ष्ण स्वर थोडे उतरवा. आवडले नाही तर एका बोटाने मूळ स्थिती. वस्तूवर ओरखडाही नाही. इस्राफ म्हणजे फक्त ताटात अन्न टाकणे नव्हे. जे आहे ते न वापरता नवे घेत राहणे हाही इस्राफच.

एका जातीच्या हेडफोनपासून मात्र हौशी हात लांब ठेवावा. जपानच्या स्टॅक्स कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन भिंतीच्या साध्या पिनला चालत नाहीत. त्यांना स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो, कारण पडद्यावर सतत मोठा दाब ठेवावा लागतो. जुन्या मॉडेलांत २३० व्होल्ट, नंतरच्या ‘प्रो’ मॉडेलांत ५८० व्होल्ट. पुरवठ्याच्या डब्यात वीज बंद केल्यावरही काही काळ भार राहतो. तो डबा घरी उघडू नये, मुलांना तर मुळीच उघडू देऊ नये.

कारखाना बंद झाल्यावर

ही हौस श्रीमंतांचा चोचला वाटेल. तसा तो काही जणांचा आहेही. पण त्यात एक मोठे काम दडलेले आहे. एकेजी कंपनी १९४७ मध्ये व्हिएन्नात सुरू झाली. पुढे ती अमेरिकेच्या हारमनकडे गेली, हारमन सॅमसंगकडे गेली आणि २०१७ मध्ये व्हिएन्नातले काम थांबले. तिथल्या काही जुन्या लोकांनी त्याच शहरात दुसरी कंपनी काढली. पण जुन्या के-२४० च्या डोक्यावरच्या पट्टीला ओढून धरणारे रबर आता ढिले पडले, तर कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. ते कुणीतरी घरी बसून मापाने बसवतो, तेव्हा ती वस्तू जगते. याउलट एचडी ६०० ची गादी, वायर, डोक्याची पट्टी सुटी मिळत राहिली आहे आणि हाताने निघते, हाताने बसते. म्हणून ते हेडफोन वीस-पंचवीस वर्षे चालतात. वस्तू विकत घेताना मुलांना हा एक प्रश्न विचारायला शिकवा, “हिचे सुटे भाग मिळतात का?”

हे काम जाणणारे हात आपल्याकडेही आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात आणि चोर बाजारात जुने रेडिओ, ग्रामोफोन पुन्हा बोलते करणारे चाचा अजून बसतात. तालुक्याच्या गावी टेप-रेडिओ दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर असतो. त्याच्याकडे मुलाला सुट्टीत आठ दिवस बसवा. झाळ कशी धरते, हे पुस्तकातून येत नाही.

विकताना

थोरल्या भावाचेही चूक नाही. सर्वांच्या संमतीने वस्तू विकणे हलाल आहे. पण बाजारात बसलात की बाजाराचे अदब लागू होतात. पैगंबरांनी (स.) एकदा मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. ओले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, हे बजावले. जुन्या हेडफोनच्या विक्रीत ओले धान्य आत ठेवायला जागा फार. गादी नकली पण ‘मूळ’ म्हणून विकायची. एका वाटीचा पडदा दुसऱ्या मॉडेलचा घालायचा. आत कापूस भरलेला, पण सांगायचे नाही. तेव्हा विकताना साफ लिहा: काय मूळ आहे, काय बदलले, कोणता कान किती वाजतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून सोबत द्या. मरम्मतीची वहीही द्या. प्रामाणिक वहीमुळे किंमत कमी होत नाही, बहुतेक वेळा वाढते. आणि घेणारे असाल, तर पैसे मोजण्याआधी ते मोनो रेकॉर्डिंग लावून पाहा.

ज्यासाठी हे सारे

शेवटी ज्या कानासाठी एवढा खटाटोप, त्याचे सुटे भाग कुठल्याच बाजारात मिळत नाहीत. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या, की माणसात त्या परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे जगातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे. तिने घालून दिलेले माप लक्षात ठेवायला सोपे आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. साधारण दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. बऱ्याच मोबाइलमध्ये हे मोजून दाखवायची सोय असते, ती सुरू करा.

इथे मरम्मत कानाच्या मदतीला येते. झाकलेल्या वाटीच्या हेडफोनची गादी नवी आणि घट्ट असेल तर बाहेरचा गोंगाट कमी आत येतो आणि कमी आवाजात काम भागते. उघड्या रचनेचे हेडफोन मात्र शांत खोलीतच वापरावेत. एसटीत किंवा लोकलमध्ये ते लावले, तर इंजिनावर मात करायला माणूस आवाज चढवतो. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा अम्मीची हाक दुसऱ्यांदा मारल्यावरच ऐकू आली, तर हेडफोन ठेवून द्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

२०२२ मध्ये सेनहायझरचा घरगुती हेडफोनांचा व्यवसाय सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. सोनोव्हाचा मुख्य धंदा श्रवणयंत्रांचा. मोठ्या आवाजात ऐकणाऱ्या तरुणाला आज हेडफोन आणि उद्या श्रवणयंत्र एकाच घरातून घेण्याची सोय झाली, असे गमतीने म्हणता येईल. गंमत बाजूला ठेवू. डोळे आणि कान ही अमानत आहे आणि तिचा जाब द्यायचा आहे, हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. हेडफोनची मरम्मत होते, तरमीमही होते. कानाची फक्त हिफाजत होते. म्हणून नवी गादी बसवून झाली, वायर जोडून झाली, की आवाजाचे बटण सर्वांत खाली आणून मगच हेडफोन कानाला लावा, आणि तिथून हळूहळू वर चढा. जिथे शब्द स्पष्ट झाला, तिथेच थांबा.